बॉनेटवरचा तांब्या

आमचे सर पायी चालतानासुद्धा हात दाखवून वळत. लातूरच्या गंजगोलाईत जिकडे बघाल तिकडे रस्ते फुटतात. त्या गर्दीत सर धोतराला सायकलची क्लिप लावून, डाव्या कडेनं, आपल्या रांगेत चाललेले असायचे. उजवीकडे वळायचं झालं की आधी मान फिरवून मागं बघायचे, मग उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा काढायचे आणि मगच वळायचे. एकदा तो हात मागून येणाऱ्या हातगाडीवाल्याच्या तोंडावर बसला. त्यानं आईबापावरून सुरुवात केली. सर शांतपणे थांबले आणि त्याला म्हणाले, "तुमचं अंतर कमी पडलं. पुढच्या वाहनात आन् आपल्यात जागा ठेवत जावी." पुढचं वाहन म्हणजे ते स्वतः.

शाळेच्या व्हरांड्यात कोपरा आला की ते तोंडानं "पों" करायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "हसा. पण तिकडून हेडमास्तर चहाचा कप घेऊन आले तर कुणाचं धोतर भाजंल?" काही महिन्यांनी हेडमास्तरही त्या कोपऱ्यावर खाकरायला लागले होते.

मी व्यापारी माणूस आहे. माल आणि माणूस दोन्ही पारखूनच घेतो. इतका चांगला शिकवणारा मला दुसरा भेटला नाही. आणि त्यांच्यावर माझा राग आहे, तोही खरा आहे. एकाच्या बदल्यात दुसरं सोडून द्या, असा सौदा मला कुणी सुचवू नये.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून तयार होत्या, काही पाट्यांच्या मागं अजून कचेरीच नव्हती. साहेब लोक येत होते, त्यांच्या जीपगाड्या येत होत्या, आणि त्या चालवायला माणसं कमी पडत होती. म्हणून एका हायस्कूलनं दहावी झालेल्या, किंवा दहावीनं ज्यांना परत पाठवलं अशा मोठ्या पोरांसाठी मोटार चालवण्याचा वर्ग काढला. सकाळी भूगोल शिकवणारे हे सर दुपारी आम्हाला गाडी शिकवायचे. कारण सगळ्या शाळेत परवाना असलेला मास्तर हा एकच. निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्यांचं गाव. मामाच्या तेलघाण्याच्या ट्रकवर ते गाडी शिकले होते. बोलताना कानडी शब्द यायचे. "थांब" असं ते कधी म्हणायचे नाहीत. "निल्लू!" म्हणायचे. कानडीत थांब म्हणजे निल्लू. आमच्या पायांना तो शब्द इतका भिनला होता की बाजारात एखादी कानडी बाई लेकरावर "निल्लू" म्हणून ओरडली तरी माझा उजवा पाय जमिनीत दाबला जायचा.

मी औशाकडचा. बाप लहानपणीच गेला. आई आणि मी लातूरला एका खोलीत राहायचो. सकाळी आडतीवर पोती उचलायची आणि दुपारी वर्गाला यायचं, असं माझं चाललं होतं. वर्गात सगळ्यांना कळलेलं होतं की जे उन्हाळ्याच्या परीक्षेत पास होतील त्यांची नावं शाळा कचेरीत पाठवणार आणि त्यातून सरकारी जीपवर माणूस घेणार. पुढची परीक्षा पार दिवाळीनंतर, आणि तोवर जागा थांबणार नव्हती. सरकारी जीप म्हणजे पगार, खाकी कपडे, पेन्शन. पोत्याखालून मान काढायचा तो एकच रस्ता मला दिसत होता.

आणि त्याच साली पावसानं दगा दिला.

दुष्काळात पहिली गेली ती आमची जीप. शाळेला मिळालेली जुनी, चपट्या बॉनेटची जीप तहसीलनं टंचाईच्या कामाला ओढून नेली. आठवड्यातून एखादी दुपार ती शाळेच्या मैदानावर यायची. बाकी दिवस आम्हाला गाडीच नव्हती. दुसऱ्या कुणी मास्तरनं वर्ग बंद केला असता. सरांनी प्रत्येकाला घरून एकेक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी आणायला सांगितली. थाळी म्हणजे स्टेअरिंग. पायाखाली तीन विटा म्हणजे क्लच, ब्रेक, ॲक्सिलेटर. गिअरला छत्रीची दांडी. आम्ही बाकांवर बसून थाळ्या फिरवायचो आणि सर फळ्यासमोर रस्ता व्हायचे. कधी म्हैस व्हायचे, कधी वरात. एकदा म्हैस होऊन ते आडवेच बसले. उठेनात. हॉर्न देऊन देऊन आमचे गळे बसले.

शेवटी गफार म्हणाला, "सर, भैंस को उठाओ ना, तास खतम हो रा."

"म्हशीला तास कळत न्हाई," सर बसूनच म्हणाले. "तू इंजन बंद कर. पेट्रोल जळून राहिलं."

हा गफार माझ्या बाकावर बसायचा. बापाचं पंक्चरचं दुकान, तोंड सदा चालू, आणि कशाचंच मनावर न घेणारा. पुढं त्याचं नाव पुन्हा येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

परीक्षा जवळ आली तसे सर कुठंही प्रश्न टाकायला लागले. न्हाव्याकडं अर्धी दाढी झालेली असताना. पाण्याच्या रांगेत. एका मयतीत स्मशानातून परत येताना त्यांनी मला गाठलं.

"घाटात उताराला लागलास. ब्रेक गेला. काय करशील?"

"देवाचं नाव घेईन, सर."

"देव गिअर टाकत नसतो! खालचा गिअर कुणी टाकायचा?"

"मी."

"मग टाक. नाव नंतर घे. येळ उरला तर."

आता तांब्याचं सांगतो, कारण सगळं त्यावरच येऊन थांबतं.

ज्या दुपारी जीप यायची त्या दुपारी सर घरून पितळेचा तांब्या भरून आणायचे. पाणी गळ्यापर्यंत. बायका डोक्यावर घागरीखाली ठेवतात तशी फडक्याची चुंबळ जीपच्या सपाट बॉनेटवर ठेवायची, चुंबळीवर तांब्या, आणि मग आम्ही एकेकानं मैदानाला फेरी मारायची. क्लच झटक्यानं सोडला की पाणी हिंदकळायचं. गिअर टाकताना खरखरला की हिंदकळायचं. सर बाजूला बसून काहीच बोलायचे नाहीत. त्यांचा नियम त्यांनी पहिल्या दिवशी एकदाच सांगितला होता: "हे माझं दुपारचं पाणी हाय. सांडंल तेवढं मी पिणार न्हाई."

आम्हाला वाटलं, मास्तर बोलतात तसं बोलले. पण त्या पहिल्या दुपारी तांब्याच्या तळाला उरलेला घोट पिऊन ते पुढचा सगळा तास उन्हात उभे राहिले. ओठ पांढरे पडले. गफारनं आपली बाटली पुढं केली. सरांनी हातानं बाजूला सारली. म्हणाले, "नियम बिघडतो."

त्या दिवसांत पाणी म्हणजे काय होतं ते आत्ताच्या पोरांना सांगून पटणार नाही. गल्लीत टँकर आला की मी पोती टाकून पळत यायचो. माझी आई रांगेत मागं पडायची, म्हणून मी टँकरवाल्याशी हुज्जत घालून तिच्यासाठी एक जास्तीची घागर मिळवायचो. कधी गोड बोलून, कधी गचांडी धरून. घासाघीस मी तिथंच शिकलो. अशा माणसाच्या देखत दुसऱ्याचं पिण्याचं पाणी मातीत जात होतं, आणि ते माझ्या पायानं! मला रात्रंदिवस तो तांब्या दिसायला लागला. आडतीवर पोतं पाठीवर घेऊन मी अशा चालीनं चालायचो की जणू पोत्यावर पाणी भरून ठेवलंय. मुकादम म्हणाला, "नवरी हायेस का बे?"

दीड-दोन महिन्यांत माझ्या फेरीला तांब्यातलं पाणी नुसतं थरथरायचं, सांडायचं नाही. फेरी संपली की सर बॉनेटवरून तांब्या उचलायचे, माझ्याकडं बघत तो वरून घटाघटा प्यायचे, मिशा पुसायचे आणि म्हणायचे, "आज पोटभर झालं." याच्याइतकी मोठी शाबासकी मला नंतर कुणी दिली नाही. गफार मात्र शेवटपर्यंत सांडतच राहिला. म्हणायचा, "पानी है यार, गिरताच है."

परीक्षेच्या दिवशी ऊन असं होतं की मैदानातल्या चुन्याच्या रेघा बघवत नव्हत्या. परीक्षक साहेब दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते, आमच्या जिल्ह्याला अजून त्यांची कचेरी मिळालेली नव्हती. काळा चष्मा, गुडघ्यावर कागद. सरांनी बॉनेटवर चुंबळ मांडली, तांब्या ठेवला.

साहेब म्हणाले, "हे काय, पूजा आहे का?"

"असू द्या साहेब," सर म्हणाले. "पोरांला सवय हाय."

साहेब हसले आणि बसले.

गफार माझ्या आधी. त्यानं आठचा आकडा काढला, गाडी मागं घेतली, सगळं आपल्या पद्धतीनं, म्हणजे धडाधड. मग सरळ रस्त्यावर साहेबांनी अचानक पुढच्या पत्र्यावर थाप मारून "थांबा!" म्हटलं. गफारनं ब्रेकवर असा पाय मारला की गाडी चुन्याच्या रेघेच्या अलीकडंच, जागच्या जागी गचकन थांबली आणि तांब्या बॉनेटवरून उडून घरंगळत लिंबाखाली बसलेल्या शिपायापर्यंत गेला. सगळे हसले. साहेबांनी कागदावर खूण केली. सरांनी तांब्या उचलला, धोतराला पुसला आणि शाळेच्या माठातून पुन्हा गळ्यापर्यंत भरून आणला.

माझी पाळी आली. माझ्यासारखा आठचा आकडा त्या दिवशी कुणी काढला नाही, हे गफारही सांगेल. गाडी मागं घेतली ती दोन खुणांच्या मधोमध. हौदाजवळच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली. थेंबसुद्धा हलला नाही. साहेबांनी चष्मा काढून तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मनातल्या मनात खाकी कपडे घातले होते.

सरळ रस्ता लागला. साहेबांनी थाप मारली. "थांबा!"

माझी नजर तांब्यावर होती. पाय ब्रेकवर गेला, पण जसा दोन महिने जात होता तसा गेला. हळू, दाबत, पाण्याला कळू न देता. गाडी थांबली. तांब्या जागेवर, पाणी गळ्यापर्यंत. आणि पुढची दोन्ही चाकं चुन्याच्या रेघेच्या पार पलीकडं.

"उतरा," साहेब म्हणाले. "ही रेघ म्हणजे शाळेतलं एखादं पोर होतं असं समजा."

"साहेब, पाणी बघा! एक थेंब न्हाई सांडला!"

"मी पाण्याची परीक्षा घ्यायला आलेलो नाही."

मी हात जोडले. मग हात सोडून भांडलो. एकदा पुन्हा घ्या म्हटलं, पाच मिनिटं द्या म्हटलं, शेवटी कसंतरी जुळवून घ्या म्हटलं. साहेब कागदावर लिहीत राहिले. तेवढ्यात सर उन्हातून चालत आले. मला हायसं वाटलं. तांब्या यांचा, नियम यांचा, आता हे सांगतील. सर रेघेपाशी वाकले, चाकं बघितली. मग तांब्या बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "साहेबांचं बरोबर हाय."

मी त्यांना सगळ्यांसमोर काय काय बोललो ते लिहीत नाही. सरांनी ऐकून घेतलं. बॉनेटवरचा तांब्या काढून माझ्यापुढं धरला. म्हणाले, "पी."

मी प्यायलो नाही. मैदान सोडून निघून आलो. त्यात माझी चूक होती असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ज्याच्यासाठी मी पाय बांधून घेतले, त्यानंच शेवटी पाय बांधलेले आहेत म्हणून मला बाहेर काढलं. गफारचं नाव कचेरीत गेलं. तो पुढं साहेबाची जीप चालवत चालवत रिटायर झाला, आता पेन्शन खातो आणि सणाला मला फोन करून विचारतो, "क्या सेठ, पानी गिरा क्या?"

मी आईला घेऊन नांदेडला आलो. ट्रकवर क्लीनर, मग तिथंच परवाना काढून ड्रायव्हर, मग एक मोडका टेम्पो. हदगावचा कापूस वाहिला, किनवटच्या रस्त्यावर रात्री काढल्या, इस्लापूरपाशी बंद पडलेली गाडी एकट्यानं ढकलली. आज विष्णुपुरीच्या रस्त्याला माझं स्वतःचं आवार आहे आणि त्यात माझ्या गाड्या उभ्या असतात. माझ्या हातून आजवर काचेचा माल तडकला नाही. व्यापारी मला विचारून भांडी लादतात. हे कुणाचं शिक्षण आहे ते मला माहीत आहे. पण लातूरला माल पोचवायचा असला की मी दुसऱ्याला पाठवायचो. स्वतः जात नव्हतो.

गेल्या वर्षी लातूरकडचा एक ड्रायव्हर कामाला विचारायला आला. मी कुणालाही तोंडी बोलण्यावर घेत नाही. त्याच्या शेजारी बसलो आणि गाडी विष्णुपुरीकडं घ्यायला लावली. चालवणं छान होतं. पाण्याची उघडी बाटली मी समोर ठेवली होती, ती नुसती थरथरत होती. मला कौतुक वाटायला लागलं. मोकळा रस्ता बघून मी थाप मारली. "थांब!"

गाडी जागच्या जागी थांबली. बाटली काचेवर आपटून मागं उडाली आणि सगळं पाणी माझ्या शर्टावर.

"गाडी चालवून राहिला का बैल हाकून राहिला?" मी ओरडलो. "पाणी दिसत न्हाई?"

"दिसतंय की मालक," तो शांतपणे म्हणाला. "पण थांब म्हणल्यावर पाणी बघायचं नसतंय. आमच्या सरांनी शेवटच्या तासाला तेवढंच शिकवलं."

"कोण सर?"

त्यानं सांगायला सुरुवात केली आणि धोतराच्या क्लिपपाशीच मला कळलं. वर्ग पुढं पुष्कळ वर्षं चालला. तांब्याही चालला. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी एक जास्तीचा तास असायचा. पोरं त्याला सांडायचा तास म्हणायची. दुष्काळ असो नसो, प्रत्येकानं भरला तांब्या बॉनेटवर ठेवून गाडी पळवायची आणि सर "निल्लू" म्हणाले की सगळंच्या सगळं पाणी सांडायचं. ज्याचं थोडं उरलं त्यानं पुन्हा करायचं. आणि सगळ्यांचं सांडलेलं असल्यामुळं सर त्या दिवशी अंधार पडेपर्यंत पाण्याला शिवायचे नाहीत.

"सर म्हणायचे, पाणी राखायला मी सगळ्यांला शिकवलं, सोडायला शिकवायचं एका पोराच्या येळंला राहून गेलं. त्यात त्याचं लई नुकसान झालं. लई गुणी पोरगं होतं." तो माझ्याकडं बघून थांबला. "मालक, त्या पोराचं आडनाव तुमचंच होतं बघा."

त्याला मी कामावर ठेवून घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी लातूरला गेलो. पाया पडायला नाही. भांडायला.

सर ओट्यावर बसले होते. पार वाळलेले, डोळ्यांना जाड भिंगं, पण धोतराला क्लिप होतीच. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"आलास? लई उशीर लावलास."

"त्या दिवशी तुम्ही माझ्या बाजूनं बोलला कामून न्हाईत?" मी उभ्याउभ्याच विचारलं. "तुम्ही एक शब्द टाकला असता, तर मी आज पेन्शन खात असतो."

"तुझी चाकं रेघेच्या पलीकडं होती. ते खोटं कसं म्हणू?"

"तुमच्या तांब्यानं गेली ती पलीकडं!"

"हाव," सर म्हणाले. "माझ्याच तांब्यानं. ते मला तिथं वाकलो तवाच कळलं. म्हणून तर तुला पाणी देत होतो. तू घेतलं न्हाईस. दुसऱ्या दिवशी आडतीवर आलो तुला सांगायला, तर मुकादम म्हणला, मायलेकरं खोली सोडून गेली. आता वरडून घे. किती वर्षांचं हाय, एकदम सगळं न्हाई निघायचं."

सगळं निघालं नाही. पण बरंच निघालं. सर मधूनमधून मान हलवत होते, जसे वर्गात उत्तर बरोबर आलं की हलवायचे. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ते उठून आत गेले आणि तोच पितळेचा तांब्या गळ्यापर्यंत भरून घेऊन आले. बगलेत चुंबळ होती.

"गाडी आणलीस न्हवं? चल. राहिलेला तास घेऊन टाकू."

माझ्या गाडीचं बॉनेट बघून ते नाराज झाले. "काय ह्या गाड्या. तांब्या ठिवायला सुदिक जागा न्हाई." मग आत बसून समोरच्या फळीवर चुंबळ मांडली, तांब्या ठेवला. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागलो. मी नेहमीसारखा चालवत होतो. पाणी थरथरत होतं. सरांनी डोळे मिटून घेतले होते. झोप लागली असेल असं वाटलं.

"निल्लू!"

माझा पाय मला न विचारता गेला, आणि या वेळी तो सगळा गेला. तांब्या चुंबळीसकट काचेवर आपटून मागं उलटला आणि सगळं पाणी सरांच्या मांडीवर. धोतर चिंब. भिंगांवरून थेंब ओघळत होते. त्यांनी वाकून समोरच्या रस्त्याकडं बघितलं, रेघ असती तर ती कुठं असती ते बहुतेक बघत होते.

"पास," ते म्हणाले.

 मी दाराजवळची बाटली काढून त्यांच्यापुढं धरली. ऊन कडक होतं आणि त्यांचं वय झालेलं होतं. त्यांनी ती हातानं बाजूला सारली.

"सांडलं तेवढं पिणार न्हाई. नियम हाय."

"सर, या वयात कसला नियम? गुमान प्या."

"न्हाई म्हणजे न्हाई."

मग मी गाडी कडेला घेतली आणि सौद्याला बसलो. तांब्या फुकट गेला नाही, तो माझ्या परीक्षेला लागला, म्हणजे तो माझ्या खात्यावर सांडला, असं मी मांडलं. ते हलेनात. त्या दिवशीचा तांब्या न सांडता तसाच राहिला होता, तो आज धरा, असं मांडलं. ते जरा विचारात पडले. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. रस्त्यानं जाणारे वाकून बघायला लागले. शेवटी दोघांचेही घसे कोरडे पडले, आणि अर्ध्या-अर्ध्यावर ठरलं. मी बाटली त्या रिकाम्या तांब्यात ओतली. अर्धा त्यांनी प्यायचा आणि उरलेला, तेव्हाचा राहिलेला म्हणून, मी.

आधी ते प्यायले. मिशा पुसल्या आणि तांब्या माझ्यापुढं धरला. मी घेतला.